आश्चर्याची तालीम

विज्ञानाच्या तासाला आख्ख्या आठवी ब मध्ये सगळ्यात सपाट रेघ माझी यायची. बंटी तुपे तासाला उघड्या डोळ्यांनी झोपतो, त्याची रेघसुद्धा माझ्यापेक्षा बरी! आणि आम्हाला विज्ञान शिकवायला कोण, तर माझी आई.

हे रेघेचं प्रकरण आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आपला मेंदू कधी रिकामा बसत नाही. पुढच्या क्षणी काय होणार, याचा तो सारखा अंदाज बांधत असतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि पायरी नसतेच. तेव्हा पोटात जो गोळा येतो ना, तो अंदाज चुकल्याचा. अंदाज चुकला की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. तिच्या पाठोपाठ थोडा वेळ मेंदू नवं काही लक्षात ठेवायला एकदम तयार असतो. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ती लाट मोजायची तर डोक्याला चिकट जेल फासून तारा लावाव्या लागत. आता तेच काम हेअरबँडसारखी, कानामागून जाणारी एक पट्टी करते. तिचं कागदोपत्री नाव बोधमापक. आम्ही पट्टीच म्हणतो.

जूनमध्ये या पट्ट्या वडूजला आमच्या शाळेत आल्या. शिक्षकांच्या टेबलावर एक स्क्रीन आला आणि त्यावर प्रत्येकाची रेघ. तासाला काही अनपेक्षित घडलं की रेघ उसळी मारते. उसळी आली म्हणजे पोर शिकतंय, रेघ सपाट म्हणजे पोर नुसतं बसलंय. ज्या वर्गात उसळ्या कमी, त्या वर्गाला पडद्यावरचा तास. तो तास बाहेरून तयार होऊन येतो. कुठे थांबायचं, कुठे धक्का द्यायचा, हे तो पट्ट्या बघून स्वतःच ठरवतो. शिक्षकांनी फक्त मागे उभं राहून गलका होऊ द्यायचा नाही. आठवी अ ला दिवाळीनंतर पडदा लागला. त्यांचे बोराटे सर आता तासभर पंख्यांची बटणं सांभाळतात.

पुढचा नंबर आमचा, असं शाळाभर बोललं जात होतं. म्हणजे आईचा.

आता माझी रेघ सपाट का, तर रविवारमुळे. आई दर रविवारी आठवड्याचे सगळे प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात करून बघायची. "वर्गात फसलं की पोरं आठवडाभर सोडत नाहीत," म्हणायची. आणि मदतनीस कोण? मी! चौथीपासून. व्हिनेगर ओतायला मी, काडी ओढायला मी. कुकरची रिंग वितळली तेव्हा बाबांना सांगायलाही मीच. त्यामुळे सोमवारी वर्गात काय होणार हे मला पाठच असायचं. मग रेघ उसळणार कुठून?

सहामाहीनंतरच्या एका शनिवारी आई चपात्या लाटता लाटता म्हणाली, "उद्या सकाळी तू आफ्रीनकडे जा."

"आणि प्रयोग?"

"मी करते."

"एकटी?"

"उर्वी, तुझी रेघ माझ्या वर्गाची सरासरी खाली ओढते. आणि लोक काय म्हणतात माहितेय? मॅडमच्या पोरीलाच मॅडमचं शिकवणं कळत नाही."

"पण मला तर सगळ्यात जास्त कळतं!"

"ते तुला माहितेय, मला माहितेय. पट्टीला माहीत नाही."

मी लाटणं हिसकावून घेतलं आणि एक चपाती महाराष्ट्राच्या नकाशासारखी लाटली. आई हसली नाही. एरवी हसते.

त्या रविवारपासून स्वयंपाकघराचं दार बंद. आतून भांड्यांचे आवाज यायचे, कसले कसले वास यायचे. मी बाहेर सोफ्यावर उलटी झोपून पाय भिंतीला लावायचे. बाबा म्हणायचे, "आत संशोधन चालू आहे आणि बाहेर उपोषण. मी बापडा चहा कुठे करू?" पण खरं वाईट रात्री जेवताना वाटायचं. आमच्याकडे जेवताना गप्पा कसल्या, तर आज रंग का बदलला नाही आणि फुगा का फुटला, याच्याच. आता आई नुसतं "भाजी वाढू?" विचारायची. दुसरं काही बोललं तर माझं आश्चर्य खर्च होईल, अशी भीती तिला.

आणि हे फक्त आमच्या घरी नव्हतं हो! गावातल्या आयांनी मुलांचे विज्ञानाचे व्हिडिओ बंद केले. इंद्रधनुष्य दिसलं तर आफ्रीनचे अब्बू तिचे डोळे झाकायचे, "धड्यात यायचंय अजून," म्हणून. एकदा तर आईनं माझ्या हातातून विज्ञानाचं पुस्तकच काढून घेतलं. "पुढचं वाचू नकोस." एका विज्ञानाच्या शिक्षिकेनं! म्हणाली आणि स्वतःच खुर्चीवर बसली, पुस्तक मांडीवर घेऊन. मग हळूच म्हणाली, "मी काय बोलले गं हे?"

मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही आली होती. दोन्ही एकदम आलं की मला बोलता येत नाही.

एरवी मात्र आता मला बोलता येतं. सातवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडायची नाही. पण यंदा पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन करणारी ताई तापानं पडली आणि शिंगटे सरांनी माइक माझ्या हातात दिला. दुसऱ्याच मिनिटाला वीज गेली. मग मी माइकशिवाय ओरडून सगळा कार्यक्रम केला, पार मागच्या चिंचेखाली बसलेल्या आजोबांना ऐकू गेला! तेव्हापासून काय झालंय, मला उभं राहून बोलायची भीतीच वाटत नाही. उलट बसून राहायची वाटते.

तर, जानेवारीत तपासणी लागली. काटकर मॅडम म्हणून एक अधिकारी शुक्रवारी येणार, आठवी ब चा विज्ञानाचा तास पूर्ण बघणार आणि पडदा लावायचा का नाही ते तिथल्या तिथे ठरवणार.

शिंगटे सर आमचे मुख्याध्यापक. माणूस चांगला. फक्त तपासणी म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. गुरुवारी सकाळी ते थेट प्रयोगशाळेत आले. मी तिथे पट्ट्या पुसत होते.

"मॅडम, उद्याच्या पाठाची आज तालीम घेऊन टाकू."

आई बघतच राहिली. "सर, तालीम?"

"मग! तपासणी आहे."

"अहो सर, उद्या ते आश्चर्यच मोजायला येणार आहेत. आज सगळं दाखवलं तर उद्या रेघा सपाट येतील."

"सपाट कशा येतील? आपण आश्चर्याचीपण तालीम घेऊ ना." सरांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला हसूही येईना. "माझ्या आख्ख्या नोकरीत तालमीशिवाय एक तपासणी झालेली नाही. ऐनवेळी कुणी काही भलतंच बोललं तर? तुमच्यासाठीच म्हणतोय मी. पडदा लागला तर तुमचं काय होईल, झोप नाही मला."

आईनं पुष्कळ समजावलं. पण दुपारी तिला ऑफिसात माहिती भरायला बसवून सरांनी स्वतःच आमचा तास घेतला. ताटलीत पाणी ओतलं, मधे मेणबत्ती पेटवली, वर काचेचा ग्लास उपडा ठेवला. मेणबत्ती विझली आणि पाणी ग्लासात चढलं.

"का चढलं? लिहून घ्या. ज्वलनानं ऑक्सिजन संपतो, त्याची जागा पाणी घेतं. उद्या मी दारात उभा असेन. मी रुमाल झटकला की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, 'अरे वा!' तुपे, तू डोळे मोठे करायचे."

आम्ही चार वेळा "अरे वा" म्हटलं. चौथ्या वेळी सर खूश झाले.

संध्याकाळी आई घरी आली ती थेट गॅलरीत जाऊन बसली. मी चहा नेऊन दिला.

"आई, आता काय?"

"आता काही नाही. उद्या पोरांच्या रेघा सपाट येणार आणि सोमवारी पडदा लागणार." तिनं चहा घेतलाच नाही. "बोराट्यांना मी विचारलं होतं, कसं वाटतं म्हणून. म्हणाले, पोरांचे चेहरे मागून दिसत नाहीत."

मी चपला घातल्या आणि तडक आफ्रीनकडे गेले.

आफ्रीन मुलाणी माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिची रेघही सपाट, पण माझ्यासारखी नाही. मला सगळं माहीत असतं म्हणून, आणि ती अंदाजच करत नाही म्हणून. एकदा सहावीत तिनं "चंद्र आपल्यामागे चालतो" म्हटलं होतं. त्यावर वर्ग इतका हसला की त्यानंतर तिनं हात वर करणंच सोडलं. आई एकदा म्हणाली होती, "अंदाजच केला नाही तर चुकणार काय, आणि चुकलं नाही तर चकित कशी होणार?"

"आपल्याला असं काहीतरी पाहिजे," मी तिच्या अंगणात येरझाऱ्या घालत म्हटलं, "की जे सरांनी दाखवलं नाही. पण सामान तेच पाहिजे. वेगळं सामान बघितलं की सर दारातूनच आत येतील."

"मग तेच कर, पण जास्त," आफ्रीन म्हणाली.

"जास्त म्हणजे?"

"एका मेणबत्तीऐवजी तीन."

मी थांबलेच. तीन! ग्लास तोच, हवा तीच, ऑक्सिजन तेवढाच. मग पाणी तेवढंच चढेल ना? का नाही? रविवारी आईनं कधी तीन लावल्या नव्हत्या, कारण पुस्तकातल्या चित्रात एकच असते. म्हणजे आईलाही माहीत नाही! मला तर इतका आनंद झाला की मी आफ्रीनच्या कोंबड्यांना उडवत अंगणभर पळाले.

आफ्रीननं आतून ताटली आणली, मेणबत्तीचे तीन तुकडे केले, ग्लास आणला. मी काडी ओढली. आणि काडी जळत जळत बोटापर्यंत आली तरी मी वातीला लावली नाही.

"लाव ना!"

"नको." मी काडी फुंकली. "आत्ता बघितलं तर उद्या माझी रेघ सपाट."

"अगं पण काहीच नाही झालं तर? तपासणीत तोंडावर पडू. तुझ्या आईचं..."

तेच तर. आत्ता करून बघितलं असतं तर आईला सांगता आलं असतं, ती तयारीनं आली असती. मी ताटलीसमोर उकिडवी बसून राहिले. शेवटी पाणी अंगणातल्या झाडाला घातलं. तयारीनं जे येईल ते पट्टीला दिसतच नाही, मग तयारी कशाला? मी मोठ्या ऐटीत घरी निघाले. पण पोटात ती नसलेली पायरी होतीच.

शुक्रवार. काटकर मॅडम तरुण निघाल्या. शेवटच्या बाकावर टॅब घेऊन बसल्या आणि "चालू द्या, मी नाहीच असं समजा," म्हणाल्या. शिंगटे सर दारात, रुमाल हातात.

आईनं ताटलीत पाणी ओतलं, मेणबत्ती लावली, ग्लास ठेवला. ज्योत विझली, पाणी चढलं. पाणी जिथवर आलं तिथे आईनं ग्लासाला रबरबँड लावला. सरांनी रुमाल झटकला.

"अरे वा!" आख्खा वर्ग. बंटीनं डोळे असे फाडले की मला वाटलं बाहेर पडतील.

मी मान तिरकी करून टेबलावरच्या स्क्रीनकडे बघितलं. सगळ्या रेघा सारवलेल्या जमिनीसारख्या. काटकर मॅडम एकदा आमच्याकडे आणि एकदा टॅबकडे बघत होत्या. एवढा आवाज आणि रेघेला हालचाल नाही, त्यांना यंत्र बिघडल्यासारखं वाटलं असणार. आई खडूची पूड झटकत होती.

मी उभी राहिले.

"मॅडम, एक विचारू?" शाळेत मी तिला मॅडमच म्हणते, आणि ती मला आडनावानं हाक मारते.

दारातून सरांनी 'बस, बस' अशी खूण केली. "विचार, फडतरे," आई म्हणाली.

"एका मेणबत्तीनं पाणी रबरबँडपर्यंत चढलं. त्याच ग्लासाखाली तीन लावल्या तर?"

असल्या वेळी काय म्हणायचं ते शिक्षकांना पाठ असतं, आम्हालाही पाठ असतं. 'ते तुमच्या अभ्यासक्रमात नाही, खाली बस.' किंवा 'उद्या सांगते.' आणि इथे तर शेवटच्या बाकावर तपासणी बसलेली. आईनं माझ्याकडे बघितलं. मग ताटलीकडे बघितलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी करून बघितलं नाही."

सरांचा रुमाल अर्ध्यातच थांबला.

"मेणबत्त्या आहेत का अजून? आण तुपे. पण थांबा, आधी अंदाज. सगळ्यांनी, कुणाची सुटका नाही. तेवढंच चढेल, जास्त, का कमी?"

"तेवढंच," मी म्हटलं. "ऑक्सिजन तेवढाच आहे." अर्ध्याहून जास्त वर्ग माझ्या बाजूनं झाला.

"कमी," बंटी म्हणाला. "तिघी एकमेकींचा ऑक्सिजन खाणार आणि लगेच विझणार. आमच्याकडं भावाभावांत असंच होतं."

हशा पिकला. आणि त्या हशातच आफ्रीनचा हात वर आला. आधी खांद्याएवढा, मग पूर्ण.

"जास्त."

"का गं?"

"तीन आहेत म्हणून."

दोघं-तिघं खिदळले. आफ्रीनचा हात खाली यायला लागला. "हात खाली नको," आई म्हणाली, "फळ्यावर लिहितेय मी." आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जास्त – मुलाणी'.

तीन तुकडे पेटले. आईनं ग्लास उपडा ठेवला तेव्हा काठाखालून बुडबुडे आले, बुडबुड बुडबुड, मघापेक्षा कितीतरी. ज्योती एकेक करून गेल्या. पाणी चढायला लागलं. रबरबँडपाशी आलं.

थांब, थांब, मी मनात म्हणत होते.

नाही थांबलं. रबरबँड पाण्याखाली गेला आणि पाणी वर वर जातच राहिलं. पोरं बाकांवर चढली. "अरे वा" कुणीसुद्धा म्हटलं नाही. बंटी तपासणीच्या देखत "आयला!" म्हणाला. माझ्या तर कानापर्यंत मुंग्या आल्या. इतकी चुकले मी, इतकी छान चुकले!

"बुडबुडे!" आफ्रीन ओरडली. ओरडली! "मॅडम, बुडबुडे कसले होते?"

मग आई आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. बुडबुडे हवेचे. हवा बाहेर का पडली? तापली म्हणून, फुगली म्हणून. तीन ज्योतींनी जास्त तापली, जास्त बाहेर पडली. विझल्यावर आतली उरलेली हवा थंड होऊन आकसली, तेव्हा बाहेरच्या हवेनं पाणी आत ढकललं. ऑक्सिजन तर सगळा संपतही नाही, ज्योत त्याआधीच विझते.

"म्हणजे पुस्तक चुकलं?" बंटीनं विचारलं.

"पुस्तकानं अर्धं सांगितलं," आई म्हणाली. "आणि मी ते तसंच पुढे सांगत आले." घंटा झाली तरी कुणी दप्तर उचललं नाही.

तासानंतर मी पट्ट्या गोळा करत होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. काटकर मॅडमनी टॅब आईसमोर ठेवला. सगळ्या वर्गाची मिळून एक रेघ होती. पहिला भाग सपाट. शेवटी, पाणी चढलं तिथे, मोठी उसळी. पण सगळ्यात उंच उसळी तिथे नव्हती. ती त्याच्या बरीच आधी होती.

"इथे कुठला प्रयोग होता?" काटकर मॅडमनी त्या टोकावर बोट ठेवलं. "माझ्याकडे नोंद नाही."

आई वाकून बघत राहिली. "इथे काहीच नव्हतं. तेव्हा दुसरी काडीसुद्धा ओढली नव्हती."

"मॅडम, तेव्हा तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणालात," मी म्हटलं.

दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. काटकर मॅडमनी पुन्हा रेघ बघितली आणि टॅब मिटला. "ह्या वर्गाला पडदा नको," त्या म्हणाल्या. "तसं लिहिते मी." आणि जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "माझा अंदाज 'कमी' होता."

त्या गेल्या तोच शिंगटे सर रुमालानं कपाळ पुसत आत आले. "वाचलो! मॅडम, ते वाक्य काय होतं तुमचं, नेमके शब्द सांगा बरं. सोमवारी सगळ्या शिक्षकांकडून बसवून घेतो."

"सर!" आई म्हणाली.

"काय? तालीम नको?"

सर गेल्यावर आई स्टुलावर बसली आणि इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले. वर्गात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"तुझी रेघ बघितली मी," ती म्हणाली. "पाणी चढलं तेव्हाची. केवढी चुकलीस गं!" माझ्या शंभरपैकी शंभर मार्कांनाही आईचा आवाज असा कधी झाला नव्हता.

"आई, तुला राग नाही आला? सगळ्यांसमोर विचारलं म्हणून?"

"आला. भीतीपण वाटली. आणि मग वाटलं, अरे, खरंच काय होईल?" तिनं पदरानं डोळे टिपले. टेबलावर मेणबत्तीचे तुकडे पडले होते. ती ते एका बोटानं पुढे-मागे सरकवत राहिली. मग एकदम म्हणाली, "पाच लावल्या तर?"

"सांगू नकोस हं!" मी कानावर हात ठेवले.

"सांगू कुठून?" आई म्हणाली आणि काडीपेटी माझ्यापुढे केली. "अंदाज बोल आधी."